दुपारच्या पहाऱ्याचा गजर

आमच्या देवळात सप्ता बसला की सात दिवस भजन थांबवायचं नाही, असा रिवाज. वाडीवाडीने पहारे वाटून घ्यायचे. संध्याकाळच्या पहाऱ्यासाठी भांडणं होत, कारण तेव्हा ऐकायला माणसं. दुपारचा पहारा कुणालाच नको असायचा. गाव जेवून घोरत पडलेला, देवळात खांबाला टेकून पेंगणारे दोन म्हातारे आणि देव.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. मी आणि माझा मित्र विशीतले, म्हणजे स्वतःला भलतेच शहाणे समजणारे. आम्ही तो पहारा मागून घेतला. तो गायचा, मी मृदंगावर. ऐकायला देव पुरे, ही आमची मिजास. कुठेही असलो तरी सप्त्याच्या दुपारी इथे यायचं आणि नावासाठी कधी गायचं नाही, असं देवापुढे नारळ ठेवून बोललो होतो.

दोन वर्षांनी तो मुंबईला गेला आणि मोठा भजनीबुवा झाला. मी इथेच शाळामास्तर. दर सप्त्याला मी आवाज घुमावा म्हणून मृदंगाच्या डाव्या तोंडाला ताजी कणीक थापून त्याची वाट बघायचो. आमच्या भाताच्या मुलखात कणीक मिळवायची म्हणजे बायकोची बोलणी खायची. तो यायचा नाही. मग वाडीतलं कुणीतरी बेसूर गायचं, आणि मी संध्याकाळी कणीक खरवडून टाकायचो.

साठ सालानंतर त्याची तबकडी निघाली. नाक्यावरच्या चहावाल्याने ती फोनोवर लावली, आणि माझ्या हातातला कप तसाच राहिला.

‘नाव झाले, गाव गेले, ने मला त्या सावलीला.’

सावली म्हणजे आपला सभामंडप, मी चहावाल्याला सांगितलं. गाव गेले म्हणजे सप्ता चुकला. महिनाभर मी येईल त्याला अर्थ सांगत होतो. लोक हसायचे, हसोत बापडे. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या सामन्यात, एकाने गजरातून, म्हणजे ठेक्यात म्हणायच्या पदातून, सवाल घातला की समोरच्याने गजरातूनच उत्तर द्यायचं असतं. मित्राने सवाल घातला होता, तो मलाच, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मी उत्तर बांधायला बसलो. चार कडव्यांना मला सहा महिने लागले. सावली होती तिथेच आहे, ये, एवढंच त्यात होतं.

आणि त्या सप्त्याला तो खरंच आला. पहारा दुपारचाच. अंगावर रेशमी सदरा, अंग सुटलेलं. मी मृदंग पुढ्यात घेतला आणि स्वतःच गजर सुरू केला. माझा आवाज म्हणजे आनंदच. तो टाळ वाजवत, मान डोलावत ऐकत राहिला. संपल्यावर म्हणाला, “गजर बरो आसा. कोणाचो?”

मला कळेचना. म्हटलं, माझो. तुझ्या तबकडीचं उत्तर. सावलीचं.

त्याने टाळ खाली ठेवले. मग कीव आल्यासारखा हळू म्हणाला, “अरे, कंपनीवाल्यांनी कागद हातात दिल्यानी, मी गायलंय. अर्थ कोण बघता?”

मी उठून जायला हवं होतं. नारळाची आठवण तरी द्यायला हवी होती. पण तोच पुढे म्हणाला, “ह्यो माका दी मरे. पुढच्या तबकडीत घालतंय. तुझा नाव छापतले.”

मी वहीतलं पान टरकन फाडलं आणि त्याच्या हातात ठेवलं. विचार करायला क्षणभरही थांबलो नाही. देव समोर होता, दोन म्हातारे पेंगत होते.

नक्कल मी ठेवली नव्हती. तबकडी कधी निघाली नाही, तोही पुन्हा आला नाही. आता तिसरं कडवं मला आठवत नाही. दुपारचा पहारा मात्र मी सोडला नाही, आणि गावात मला त्याबद्दल मान आहे. दर सप्त्याला मी कणीक थापतो, मृदंग वाजवतो. लोकांना वाटतं, मास्तर देवासाठी वाजवतो. माझा कान मात्र नाक्यावरच्या फोनोकडे असतो.