प्लेटलेट मस्त आहेत

नवजात वॉर्डात रक्त काढण्यात टिकारामचा हात धरणारं कोणी नव्हतं. सातव्या महिन्यात जन्मलेली, ओंजळीत मावतील एवढी बाळं. त्यांच्या टाचेतून चार थेंब काढायचे म्हणजे खायचं काम नाही. रांझीहून मोटारसायकलवर येणारा हा पन्नाशीचा लॅब टेक्निशियन एका टोचणीत काम उरकी. पांढरा कोट बघून खेड्यातले लोक त्याला ‘डॉक्टर साहब’ म्हणत. आधी आधी तो त्यांची चूक दुरुस्त करी. पुढे त्यानं तेवढेही कष्ट घेणं सोडलं. कोणाला आवडत नाही हो!

त्या वर्षी शरयू मॅडमनी, म्हणजे वॉर्डच्या मोठ्या डॉक्टरांनी, एक अभ्यास हाती घेतला होता. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा डोळ्याचा पडदा कधी कधी बिघडतो. वेळेत कळलं तर लेझरनं नजर वाचते, नाहीतर कायमची जाते. कोणाचा बिघडणार, हे रक्तातल्या प्लेटलेटवरून आधीच ओळखता येईल का, हे मॅडमना बघायचं होतं. तोवर महिन्याभरानं प्रत्येक बाळाचे डोळे तपासायचेच, असा त्यांचा दंडक होता.

पनागरची विनता त्याच वॉर्डात होती. भाजीवाल्यांच्या घरातली सून. शेजारच्या बाईशी बोलताना टिकारामनं तिचं मराठी ऐकलं आणि तो खुलला. त्या हिंदी मुलखात दिवसभर हिंदी बोलून शिणलेल्या जिभेला घरचं माणूस भेटलं.

“तुमच्या पोरीच्या प्लेटलेट एकदम मस्त हायेत,” तो म्हणाला. “डोळ्याचं टेन्शन काहून घेता?”

“मग महिन्यानं आणा लागते का जी इले?”

“आणायचं तर आणा. पण एवढ्या उन्हात इवलीशी पोर काहून फिरवता?”

त्यानं हे प्रेमानं सांगितलं होतं. हेच त्याला पुढे सगळ्यात जास्त टोचलं.

पाच महिन्यांनी शरयू मॅडम लॅबमध्ये आल्या. “पनागरची ती मुलगी. प्लेटलेट चांगल्या, आणि उजवा डोळा पूर्ण गेला. डावा थोडा वाचलाय. आई म्हणते, कोण्या मराठी डॉक्टरनं येऊ नका म्हटलं. मी सोडून आपल्याकडे मराठी डॉक्टर आहेच कुठे? लोक काहीही सांगतात.”

टिकारामनं सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली नाही. काचपट्टीवर काय होतं, ते त्याला दिसतही नव्हतं. त्याला स्वतःची किळस आली, आणि तरी तो गप्प बसला. एक दिवस नाही, तीन आठवडे. घरी बेबीताईनं, त्याच्या बायकोनं, जेवण का जात नाही म्हणून विचारलं, तर त्यानं ॲसिडिटीचं नाव सांगितलं.

शेवटी एका रविवारी त्यानं मोटारसायकल पनागरच्या रस्त्याला लावली. विनताची सासू कुसुमबाई अंगणात मेथी निवडत होती. वॉर्डात बघितलेला चेहरा ओळखून तिनं लगबगीनं खुर्ची पुढे केली. “बसा, डॉक्टर साहेब.”

तो बसला नाही. “मी डॉक्टर नाही, बाई. रक्त काढणारा हाव. डोळे तपासायची गरज नाही, हे मीच बोललो होतो तुमच्या सुनेले. तिची चूक नाही.”

कुसुमबाईच्या हातातली जुडी तशीच राहिली. दारात विनता उभी होती, पोरगी कडेवर. पोरगी आवाजाच्या रोखानं मान वळवत होती.

“डोळा गेल्याचं कळलं तवापासून हेच सांगून राहिली मी,” विनता सासूला म्हणाली. “तुमी म्हणे, खोटी बोलते, आळस केला.” मग ती टिकारामकडे वळली. तो शिव्यांची वाट बघत होता. त्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण तिनं एवढंच विचारलं, “हॉस्पिटलच्या कागदावर काय लिहिलं हाय, माहीत हाय तुमाले?”

त्याला माहीत होतं. ‘आईने बाळाला तपासणीस आणले नाही.’ ती ओळ त्यानं स्वतः तीनदा वाचली होती.

“उद्या सांगतो मॅडमले,” तो म्हणाला.

“सांगू नका. लिहून द्या,” विनता म्हणाली. “पोरगी मोठी झाली की मले तो कागद दाखवा लागन.”

सोमवारी ड्यूटीवर जाताच त्यानं शरयू मॅडमच्या टेबलापुढे उभं राहून दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि एक प्रत पनागरला द्यायला मागून घेतली.