शरयूने कॉलेजचं फुटबॉल बुडवलं

शरयू अगाशेने एकटीने एका कॉलेजचं फुटबॉल बुडवलं आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. कुणाला वाईट वाटत असेल तर खुशाल वाटू दे.

अमेरिकेतल्या जॉर्जियातलं आमचं गाव एवढंसं. लांबुळका चेंडू हातात घेऊन पळायचं, त्याला तिथे फुटबॉल म्हणतात. पूर्वी कॉलेजची मॅच बघायला चार टाळकी यायची. ऐंशी साली नवा कोच आला, टीम जिंकायला लागली आणि अख्ख्या गावाच्या अंगात आलं. मॅचच्या शनिवारी लोक आमच्या अंगणात, दारात, वाट्टेल तिथे गाड्या लावायचे. शरयूचं घर तर स्टेडियमला चिकटूनच.

एक्याऐंशीत अशाच एका शनिवारी तिच्या नवऱ्याच्या, पुरुषोत्तमच्या छातीत कळ आली. त्याच कॉलेजात तो केमिस्ट्री शिकवायचा. अँब्युलन्स गर्दीत अडकली. स्वतःची गाडी काढावी तर दारात कुणा बड्या देणगीदाराची गाडी आडवी. शरयू धावत गेटवर गेली, गाडीवाल्याला माइकवरून बोलवा म्हणून कोचच्या माणसापुढे तिने हात जोडले. तो म्हणाला, "हाफटाइमला सांगतो, मॅडम." तोवर पुरुषोत्तम गेला. कॉलेजने फुलं पाठवली. मेला कोच फिरकलासुद्धा नाही.

दोन वर्षांनी तोच कोच गोड हसत तिच्या सोफ्यावर येऊन बसला. वरच्या लीगमध्ये जायचं तर प्रेक्षकांना बसायला मोठा स्टँड हवा, आणि स्टँडच्या जागेत हिचं घर. मागाल ती किंमत देतो म्हणाला. आमच्याकडे पोस्टमनलाही चहा विचारतात, हिने त्याला पाणी विचारलं नाही. नाही म्हणाली आणि दार उघडून उभी राहिली.

मग वकील आले, मी सोडून सगळे शेजारी बोलायचे बंद झाले. अटलांटाच्या गणपतीत आपलेच शहाणे काका तिला समजवायला लागले, की इथे राहायचंय आपल्याला, एवढं वैर बरं नव्हे. मुलगा श्रीरंग लांबच्या चँडलर गावाहून फोनवर "आई, लेट इट गो" करायचा. ही ढिम्म हलली नाही. टीम हरली की श्रीखंड करायची आणि मला हाक मारायची. मी दोन वाट्या हाणायची.

स्टँड झाला नाही, लीग हुकली. कोच चांगली पोरं घेऊन दुसऱ्या कॉलेजात पळाला, टीम आपटत गेली आणि सत्त्याऐंशीत ट्रस्टींनी फुटबॉल कायमचं बंद केलं.

त्याच आठवड्यात शरयू मला घेऊन कॉलेजच्या प्रेसिडेंटच्या ऑफिसात गेली. घर विकायचंय म्हणाली, तुम्ही द्याल त्या भावाने. तो बघतच राहिला. मग आम्ही एवढे पाया पडत होतो तेव्हा का नाही दिलंत, असं त्याने विचारलं.

"घर मला तेव्हाही नकोच होतं," शरयू म्हणाली. "त्याच घरात माझा नवरा गेला. तुमचं फुटबॉल मरायची वाट बघत मी तिथे राहिले."

पुढच्या महिन्यात शरयू चँडलरला श्रीरंगकडे राहायला गेली.