बाबांचं पेव

आईनं पाणी पिणं सोडलंय, हे माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले. मी सुट्टीत माहेरी आलेली, मे महिना, डोणगावचं ऊन, आणि ही बाई जेवताना घेतलेला पेला तसाच नेऊन कण्हेरीच्या बुडाशी ओततेय. विचारलं तर म्हणाली, "तहानच नाई लागत व मले."

खरी गोष्ट वेगळी होती. संडास तुंबला होता. एक बादली ओतली की पाणी वर येऊन उभं राहायचं. शेजारणीनं आमच्याकडे या म्हणून सांगितलं होतं, पण सत्तरीच्या वयात दुसऱ्याच्या संडासाची कडी लावायची आईला लाज वाटत होती. म्हणून पाणीच बंद. मी मलकापूरला शाळेत शिकवते, ओरडायची सवय आहे; ती सगळी तिच्यावर भागवून घेतली आणि तालुक्याहून टाकी उपसणारी गाडी बोलावली.

गाडीवाल्यानं पाईप उलगडत विचारलं, "झाकन कोठी हाय?"

टाकी बाबांनी स्वतः उभं राहून बांधून घेतली होती, आणि पुढे अंगणात फरशी बसवताना झाकणही तिच्याखाली गेलं होतं. नेमकं कुठं, ते फक्त बाबांना ठाऊक. आणि बाबांना तर वर्षभरापासून मीच ठाऊक नव्हते. मला ते 'तुमी' म्हणत. पोटच्या लेकीला तुमी! सुरुवातीला मी ते हसण्यावारी नेलं. नंतर मलकापूरला परतताना बसमध्ये रडायचे.

"बाबा, सेप्टिक टँक कोठी हाय?" मी विचारलं. त्यांना ते इंग्रजी नाव कळलं नाही. "टाकी, टाकी!" म्हटल्यावर त्यांनी गच्चीवरच्या काळ्या टाकीकडे बोट दाखवलं. गाडीवाला हसला आणि माझं डोकं फिरलं. "फोडा सगळी फरशी," मी म्हणाले, "पन आज हे काम झालंच पाह्यजे."

तेवढ्यात आई बाबांच्या खाटेवर टेकली. "आवो, आपलं पेव कोठी हाय?"

पेव म्हणजे ज्वारी साठवायचं जमिनीतलं कोठार. माझ्या लहानपणी बाबा या टाकीला थट्टेनं पेव म्हणायचे. पाहुण्यांदेखत संडासाचं नाव नको म्हणून आईनंही तोच शब्द उचलला होता. मी शिकून शहाणी झाले आणि तो विसरले.

बाबा उठले. न्हाणीच्या कोपऱ्याला त्यांनी टाच लावली, मग टाचेपुढे पंजा, पंजापुढे टाच, तोंडातल्या तोंडात मोजत निघाले आणि एका फरशीवर थांबले. "इथी हाय."

फरशी उचकटली. खाली झाकण होतं. गाडीवाल्यानं ते पहारीनं सरकवलं आणि मी, उतावीळ बाई, किती भरलंय ते बघायला वाकले. तोच दंडाला असा हिसका बसला की मी मागे बाबांवरच आदळले.

"मांगं सर व! पेव उघडल्यावर कोनी लगेच वाकते काय? वारं लागू दे आंधी. मरशीन ना!"

पेवातली कोंडलेली हवा माणसाचा जीव घेते, उघडलं की आधी वारं खेळू द्यायचं, हे बाबा लहानपणी आपल्या वडिलांकडून शिकलेले. "बरोबर हाय बाबाचं," गाडीवाला म्हणाला, "यातबी तसाच गॅस असते." मला मात्र फक्त ते 'व' आणि 'मरशीन' ऐकू आलं. बाबा मला तू म्हणाले होते. दंड दुखत होता आणि त्यांनी तो सोडू नये असं मला वाटत होतं.

दुपारपर्यंत उपसा झाला. मी दोन बादल्या ओतून पाहिल्या. पाणी गुडगुडत निघून गेलं. तसं सांगितल्यावर आईनं माठातून तांब्या भरला आणि उभ्यानंच, पदरावर सांडत, घटाघटा सगळा प्याली. मला तिचा राग आला आणि तेवढीच माया आली.

ती दुसरा तांब्या भरत होती, तेव्हा बाबा खाटेवरून म्हणाले, "त्या बाईंले बी दे. उनाच्या आल्या हायेत त्या."

आईनं माझ्याकडे न बघता तांब्या पुढे केला. मी तो बाबांसमोर उभी राहून रिकामा केला.

"आनखी घ्या तुमी," बाबा म्हणाले.

मी घेतलं.