यासीनच्या वाट्याच्या पोळ्या

डिसेंबर १९५५, शनिवार दुपार, बारामतीची मंडई. हजर — मी, माझा वर्गमित्र यासीन, आणि फळांच्या गाळ्यावर त्याचे वडील, ज्यांना मी चाचा म्हणायचो. त्या दुपारी मी काय केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो.

मी कामाचा माणूस. सकाळी कामं लिहून काढायची, रात्रीपर्यंत एकेक खोडायची — घरात यावरून माझी चेष्टा होते. मग एवढंसं सांगायला इतकी वर्षं का लागावीत?

चाचांकडे पुण्याहून रद्दी यायची, पेरू-मोसंबी बांधायला. तीत इंग्रजी वर्तमानपत्रं असायची आणि त्यांत पुढाऱ्यांची भाषणं — न्याय, समता, हिंदू-मुसलमानांनी शेजारी म्हणून कसं राहावं. शनिवारी शाळा सुटली की आम्ही पोत्यांवर बसून ती वाचायचो. जस्टिस, हार्मनी, ग्रीव्हन्स, मायनॉरिटी — सगळे शब्द पेरूच्या वासासकट पाठ झाले. अजूनही कुणी 'जस्टिस' म्हटलं की मला आधी तो वास येतो. किती सुखाच्या दुपारी होत्या त्या!

पण भाषण पुरं कधी मिळायचं नाही. निम्मा कागद मोसंब्यांबरोबर कुणाच्या तरी घरी गेलेला. मग तुटलेलं वाक्य यासीन मनानं पुरं करायचा. मी शब्द गोळा करत राहिलो, तो वाक्यं करायला शिकला. हे मला लवकर कळलं. आणि — खुपलं.

इंदापूरला इंग्रजी वक्तृत्वस्पर्धा निघाली. विषय, समाजासमाजांतला न्याय. सरांनी आम्हा दोघांची नावं दिली. आदल्या संध्याकाळी जायचं, मुक्काम माझ्या मावशीकडे. तिला विचारायचं काम माझं.

मी विचारलंच नाही. त्या दुपारी गाळ्यावर जाऊन यासीनला सांगितलं — मावशी नको म्हणते, तुमच्यातलं कुणी तिला घरात चालत नाही.

मावशी असं म्हणाली नव्हती. म्हणेल असंही मला वाटलं नव्हतं. मला भीती एकच — तो पहिला येईल. मग दुसरी एखादी थाप का नाही मारली? कारण ही लगेच पटेल, हे मला ठाऊक होतं. ती सगळी भाषणं वाचून एवढं मात्र मी नीट शिकलो होतो.

त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. पेरू रचत होता, रचतच राहिला. म्हणाला, "जुनी माणसं हायती. तू नगं मनाला लावून घिऊ." मुक्कामाला दुसरी सोय नव्हती, आणि चाचा त्याला परगावी एकट्याला सोडेनात. सरांना त्यानं घरी काम आहे म्हणून सांगितलं — माझ्या मावशीला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून.

इंदापुरात मावशी दारातच उभी होती. दोघं येतायत असा निरोप सरांनी एसटीच्या कंडक्टरकडून तिला आधीच परस्पर धाडला होता, हे मला माहीत नव्हतं. "एकलाच आलास? आन् यासीन कुठं हाय?" ताप आलाय, मी म्हणालो. आत चुलीपुढं दोन पाट मांडलेले. त्यातला एक तिनं उचलून भिंतीला लावून ठेवला.

मी पहिला आलो. भाषणातलं शेवटचं वाक्य यासीनचं होतं. टाळ्या त्यालाच पडल्या.

निघताना मावशीनं फडक्यात शेंगदाण्याच्या पोळ्या बांधून दिल्या. ताप उतरला की त्याला दे म्हणाली, आणि पुढल्या वेळी त्याला आणलं नाहीस तर तूही येऊ नकोस. त्या त्याला दिल्या असत्या तर माझी थाप उघडी पडली असती. एसटीतच खाल्ल्या. सगळ्या. भूक नसताना.

पुढं बारामतीच्या बाजाराला आली की मावशी त्याच्याच गाळ्यावर फळं घ्यायची. तो वजनावर एक पेरू जास्त टाकायचा, पण मान वर करायचा नाही. सुटे पैसे तिच्या हातावर न ठेवता फळीवर ठेवायचा — तिला शिवू नये म्हणून. ती मला म्हणायची, "लई लाजाळू हाय तुजा दोस्त." मी शेजारीच उभा असायचो.

गेल्या साली मावशी गेली. तेराव्याची सगळी व्यवस्था मी पाहिली. कशाची उणीव पडली नाही, असं लोक म्हणाले. यासीन बारामतीहून आला होता. मांडवाबाहेर बाभळीखाली उभा राहिला. आत चल म्हटलं, तर हलक्या आवाजात म्हणाला,

"हितंच बरा हाय मी. त्यास्नी चाललं नसतं."

मी पंगत बघायला आत गेलो. त्याला सांगायचं अजून राहिलं आहे.