दुसरी किल्ली

शैलजाबाईंना या वयात गाडी कशाला हवी, हा प्रश्न जबलपुरातल्या बऱ्याच मराठी घरांना पडलेला होता. विचारलं की त्या म्हणत, "फिरायला." दवाखान्यासाठी नाही, देवळासाठी नाही, नुसतं फिरायला. लोकांचं नेमकं तिथेच बिनसायचं. गुडघे दुखतात म्हणाल्या असत्या तर सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या, पण बाईंचे गुडघे ठणठणीत होते आणि खोटं बोलायची त्यांना गरज वाटत नव्हती.

त्या जबलपुरातल्याच दीक्षितपुऱ्यात वाढल्या. लग्न होऊन नवऱ्याच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये आल्या आणि केंद्र सरकारच्या ऑफिसात नोकरी करून पेन्शनीत निघाल्या. सगळी नोकरी त्यांनी नवऱ्याच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून केली. सूर्यकांत निवृत्त झाले, स्वतःचं घर झालं, दारात गाडी आली, तेव्हा बाई मागून उठून डावीकडे बसल्या, एवढाच काय तो फरक. सूर्यकांत माणूस भला होता, पण स्टिअरिंगला हात लावू देत नसे. ते गेल्यावर बाईंनी गाडी स्वतःच्या नावावर करून घेतली आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवणारा मास्तर देवाचं नाव घेत शेजारी बसायचा. घरच्या फाटकाला गाडी दोनदा घासली, तेव्हा बाईंनी फाटकच काढून टाकलं.

मग त्या सुटल्या. मनात आलं की तिलवाराघाटावर जायच्या, नर्मदेकडे तोंड करून शेंगा खायच्या आणि परत यायच्या. कधी खव्याच्या जिलबीसाठी गर्दीतून गाडी घालायच्या. कुणाला सांगून जायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही. हे सुख त्यांना साठी उलटल्यावर मिळालं होतं आणि ते सोडायचा त्यांचा मुळीच विचार नव्हता.

सोडायला लावणारे मात्र घरातच होते. धाकटे दीर रत्नाकर, तेही त्याच फॅक्टरीतून निवृत्त झालेले, दोन गल्ल्या पलीकडे राहत. सूर्यकांत गेले त्या आठवड्यात त्यांनी गाडीची दुसरी किल्ली उचलून स्वतःच्या जुडग्यात अडकवली. घरातल्या पुरुषाकडे एक असावी, असं त्यांचं म्हणणं. दुःखाच्या दिवसांत माणूस कशालाही हो म्हणतो, तशा बाईही हो म्हणाल्या. पुढे त्या किल्लीनं रत्नाकर अधूनमधून गाडी घेऊन जात, आणि बाईंना दारात रिकामी जागा दिसली की कळे.

यंदाच्या दसऱ्याला रत्नाकर सकाळीच गाडीच्या पूजेला आले. बाईंनी ताट तयार ठेवलं होतं. रत्नाकरांनी ते त्यांच्या हातातून हळूच काढून घेतलं. विधवेच्या हातचं कुंकू गाडीला कसं लावायचं, हे ते बोलले नाहीत, पण बाईंना कळायचं ते कळलं आणि त्यांचं अंग रागानं तापलं. सणाचा दिवस म्हणून त्या पायरीवर उभ्या राहून बघत राहिल्या. फॅक्टरीत दसऱ्याला मशीनवरच नारळ फोडून पाणी मशीनला पाजायची रत्नाकरांच्या शॉपची, म्हणजे खात्याची, रीत होती आणि त्यांनी ती जन्मभर पाळली होती. त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिनला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि पाणी भक्तिभावानं आत ओतलं. लोखंडी लेथ मशीनला नारळाच्या पाण्यानं काही होत नाही. गाडीत मात्र नुसतं लोखंड नसतं.

पुढच्या काही दिवसांत गाडी नखरे करू लागली. पिवळा दिवा लागायचा, मध्येच धक्के बसायचे. धनत्रयोदशीच्या खरेदीला बाई निघाल्या आणि ऐन बड्या फुहाऱ्याच्या चौकात गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा कल्लोळ उठला. ढकलायला आलेल्यांपैकी एकानं विचारलं, आंटीजी, घर में कोई लड़का नहीं है क्या? बाईंनी त्याला पुन्हा ढकलायला लावलं.

गाडी ढकलत घरी आणल्यावर रत्नाकरांनी येऊन दोनदा स्टार्टर मारला आणि वहिनींनी इंजिन जाळलं असा निकाल दिला. दिवाळीच्या फराळाबरोबर तो निकालही घरोघरी पोचला. बंगलोरहून मुलाचा, अनिमेषचा, फोन आला: आई, विकून टाक, मोबाइलवर टॅक्सी मिळते. रत्नाकर त्याच्याशी आधीच बोलले होते. गिऱ्हाईकही त्यांनीच शोधलं होतं आणि ते पुढच्या रविवारी येणार होतं. गाडी कुणाची, हे या सगळ्यात कुणाला आठवलंच नाही. बाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही. गाडी गेली तर आपण पुन्हा कुणाच्या तरी मागे किंवा शेजारी बसणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी क्रेन बोलावली आणि गाडी कंपनीच्या वर्कशॉपला नेली. तिथली इंजिनीअर प्रणोती नुकतीच नाशिकहून बदलून आली होती. मराठी आडनाव वाचून ती खुशीतच बाहेर आली. तिनं गाडीला लॅपटॉप जोडला, मग बॉनेटखालच्या एका चपट्या डब्याची वायर सुटी करून बाईंना आत बघायला लावलं. पितळी पिनांवर हिरवं किटण चढलं होतं आणि त्यात लाल कण चिकटले होते. हा गाडीचा मेंदू, ती म्हणाली. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, हे हा ठरवतो. पाणी आत पाझरलंय. हा गेला, नवीन बसवावा लागेल. इंजिनला काही झालेलं नाही. मग तिनं विचारलं, इंजिन धुतलं होतं का?

"पूजा केली होती," बाई म्हणाल्या.

प्रणोतीनं ते लाल कण पुन्हा एकदा पाहिले आणि हसू दाबलं. आमच्याकडेही करतात, पण बॉनेट लावून, एवढंच ती बोलली. बाई मात्र हसल्या नाहीत. गावभर आपल्यावर जे शेकलं, ते कुणाचं काम होतं हे त्यांना त्या डब्यात दिसलं होतं. त्यांनी तिथल्या तिथे नवा मेंदू मागवायला सांगितला. पेन्शन त्यांची होती.

तो शनिवारी बसला. पण गाडी सुरू करण्याआधी प्रणोतीनं थांबवलं. नवा मेंदू कोणत्याच किल्लीला ओळखत नाही, ती म्हणाली. चोरी होऊ नये म्हणून तशी सोय असते. किल्ल्यांची ओळख आत्ताच करून द्यायची. जी किल्ली आत्ता इथे नसेल तिनं दार उघडेल, पण गाडी सुरू होणार नाही. दुसरी घरी असेल तर मी थांबते, घेऊन या.

दुसरी किल्ली एका फोनवर आली असती. बाईंनी पर्समधून मोबाइल काढला, नंबरही काढला. त्या नंबरकडे बघताना त्यांना ते हातातून काढून घेतलेलं ताट आठवलं आणि दारातली रिकामी जागा आठवली. त्यांनी मोबाइल परत ठेवला.

"एकच किल्ली आहे," त्या म्हणाल्या.

रविवारी रत्नाकर गिऱ्हाइकाला घेऊन आले. गाडी दुरुस्त झाल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं आणि आता भाव बरा येईल म्हणून ते खूश होते. बाई आत चहाला आधण ठेवत होत्या. त्यांना हाक मारायचीही रत्नाकरांना गरज वाटली नाही. जुडग्यातल्या किल्लीनं दार उघडून ते आत बसले आणि स्टार्टर मारला. इंजिन घरघरलं आणि थांबलं. पुन्हा मारला, पुन्हा तेच.

"देखिए, कहा था ना," भावाचं विसरून ते गिऱ्हाइकाला सांगू लागले, "इंजिन ही खराब है."

बाई गॅस बंद करून बाहेर आल्या.

"भाऊजी, उतरा. ती किल्ली आता चालत नाही."

"काहून?"

"गाडीचा मेंदू बदलला. तुम्ही दसऱ्याला नारळाचं पाणी पाजलं, त्यानं जुना मेला. नव्याला एकच किल्ली ठाऊक आहे, माझी."

रत्नाकरांचा चेहरा उतरला, पण ते सावरले. "मग वहिनी, ही पण करून आणायची ना सोबत. मी घरीच तर बसून राहिलो होतो काल."

"वर्कशॉपमधल्या मुलीनं विचारलं होतं. मीच नाही म्हटलं."

रत्नाकर सावकाश उतरले. बाई आत बसल्या, सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला आणला आणि किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. काच खाली करून त्यांनी सांगितलं की त्या फिरायला चालल्या आहेत. मग फाटक नसलेल्या दारातून त्या रस्त्याला लागल्या.

रत्नाकर अंगणात किल्ली हातात धरून उभे राहिले. गिऱ्हाइकानं आधी गाडी गेली त्या दिशेला पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"भैया," त्यानं विचारलं, "गाड़ी है किसकी?"