खाडीच्या हवेतला आकडा

श्री. जनार्दन नाखवा यांच्या पंचाहत्तरीच्या या अंकात त्यांच्याविषयी चार गोड शब्द लिहावेत, असं समितीचं पत्र आलं. समितीत आमच्या जुन्या कारखान्याचे मोठे साहेबही आहेत. गोड लिहिणं मला जमेलसं वाटत नाही.

नाखवासाहेबांना मी प्रथम पाहिलं ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, ठाण्याजवळच्या कोलशेतच्या, प्लास्टिकचे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या टेस्टिंग रूममध्ये. मी डोंबिवलीचा नवाकोरा डिप्लोमावाला. ते खिडकीच्या जाळीला नायलॉनचे तुकडे ओळीने बांधत होते.

"खाडीची हवा खाऊ दे त्यांना," ते म्हणाले. "नायलॉन पाणी पितं रे. दोन महिन्यांनी बघ, किती मऊ पडलंय."

साहेब कोलशेतच्याच कोळी घरातले. जाळ्यासारखं प्लास्टिक टांगतात, असं मी घरी हसत सांगितलं होतं.

मग डिझाइनसाठी संगणक आला. प्लास्टिक किती ताठ, किती जड, साच्यातून निघाल्यावर किती आटतं, हे आकडे त्याला आपणच द्यायचे. त्यावर तो गणित करतो. नाखवासाहेबांनी हे आकडे वर्षानुवर्षं मोजून वहीत लिहिले होते. प्रत्येक आकड्याशेजारी त्या दिवशीची हवेतली ओल. ते संगणकात भरायचं काम माझं.

त्यांचा ताठरपणाचा आकडा परदेशी माहितीपत्रकातल्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी होता. तो भरला की पंपाला धरून ठेवणारा नायलॉनचा ब्रॅकेट जाड करावा लागे, आणि मोठ्या साहेबांना तो पातळच हवा होता. मी माहितीपत्रकातला आकडा भरला. तो कोरड्या, नुकत्याच साच्यातून निघालेल्या नायलॉनचा होता.

पावसाळ्यात ब्रॅकेट वाकून परत येऊ लागले. मीटिंगमध्ये प्रश्न आला, आकडे कुणाचे?

"नाखवांचे," मोठे साहेब म्हणाले. "त्यांना मासळीच मोजू द्या."

सगळे हसले. मीही हसलो. वही माझ्या मांडीवर होती. समोर बसलेल्या नाखवासाहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आठवड्याभरात त्यांची स्टोअरमध्ये बदली झाली.

पुढच्या महिन्यात मला कावीळ झाली. रविवारी ते डोंबिवलीला घरी आले. आईच्या हातात पपई दिली, पाळण्यातल्या माझ्या मुलीला पाहिलं. निघताना हळूच म्हणाले, "पोर लहान आहे तुझी, म्हणून गप बसलो. बरा झालास की आकडा बदल. माझं नाव नको घालूस, घातलंस तर आकडाच काढून टाकतील. पण आकडा बदल."

मी बदलला. ब्रॅकेट जाड झाला, पुन्हा वाकला नाही. त्या फाइलवर नाव माझं लागलं आणि बढतीही मलाच मिळाली. नाखवासाहेब निवृत्तीपर्यंत स्टोअरमध्ये प्लास्टिकच्या दाण्यांची पोती उतरवून घेत राहिले. मला ते रोज भेटत, रोज मुलीची चौकशी करत. ती चौकशी मला शिवीपेक्षा जड जाई.

आता टेंभी नाक्याजवळच्या सभागृहात तेच मोठे साहेब त्यांना शाल घालणार, निष्ठावान सेवक म्हणणार. नाखवासाहेब हात जोडतील. चारचौघांत कुणाला लाज आणणं त्यांच्या स्वभावात नाही. म्हणून मीच लिहितो. तो चुकीचा आकडा नाखवांचा नव्हता. मी भरला होता, त्यांची वही जवळ असताना.

नाखवासाहेब, समितीने एवढं कापलं, तर मी सभागृहात उभा राहून वाचणार आहे. तुम्ही पहिल्या रांगेत ठणठणीत बसलेले असा, आणि त्यानंतरही खूप वर्षं असा. मला अजून तुमच्या नजरेला नजर द्यायची आहे.