उंबऱ्याशी अख्खी लादी

मी लादी बसवणारा मिस्त्री. गुडघे बोलायला लागले तेव्हा काम थांबवलं. त्याआधी नंदाखाल, सांडोरकडचे बंगले केले, विरारच्या नव्या इमारती केल्या. माझी मुलगी अंधेरीला एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. दोन वर्षं रविवारी ती लॅपटॉप घेऊन बसायची, तेव्हा मला वाटायचं, कंपनीचंच उरलेलं काम असेल.

एका सकाळी तिने मोबाइल माझ्या हातात दिला. "पप्पा, मी गेम बनवलाय. एकटीने. खेळून सांगा."

गेम लाद्यांचा होता. रिकामी खोली दिसते, खाली वेगवेगळ्या आकारांच्या, रंगांच्या लाद्या. बोटाने सरकवायच्या, फिरवायच्या, लागली तर कापायची, आणि जमीन भरायची. भरली की 'शाब्बास' येतं. मी पहिली खोली भरली आणि म्हणालो, "छान आहे."

तिचा चेहरा पडला. "छान तर सगळेच म्हणतात. चुकलंय कुठे ते सांगा ना."

मग मी आठवडाभर नीट खेळलो. चष्मा लावून, गॅलरीत बसून. तिने काम चोख केलं होतं. सांधे सरळ होते. लादी बसली की बारीक 'टक्' व्हायचं, रबरी हातोडीसारखं. पण एक गोष्ट मला खुपत होती. ती तिला कशी सांगायची, याचाच मी जास्त विचार केला. माझे उस्ताद चूक दिसली की काही न बोलता अख्खी ओळ उखडायचे. काय चुकलं ते कळायला मला चार-चार दिवस लागायचे. मुलीशी तसं वागायचं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी म्हणालो, "आवाज झकास घेतलायस. सांधेही चांगले. पण काल मी सगळे कापलेले तुकडे दारात बसवले, तरी तुझा गेम मला शाब्बास म्हणाला."

"मग? जमीन भरली ना?"

"भरली. पण घरात येणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. दारात तुकडा बसवला तर मालक मला पुन्हा बोलावणार नाही."

"पप्पा, हा गेम आहे. खरी लादी नाहीये." आवाज जरा चढला होता.

मी वाद घातला नाही. आमच्या फुलपाड्यातल्या खोलीची लादी मीच बसवलेली आहे. म्हटलं, "या घरात कापलेल्या लाद्या कुठे आहेत, शोध बरं."

ती दारापाशी वाकली. मग ओट्याखाली बघितलं. मोबाइलची बॅटरी लावून पलंगाखाली शिरली, बाहेर आली तर केसांना जाळं. तिची आई हसत होती. शेवटी दोघींनी कपाट ओढलं, तेव्हा भिंतीलगत तुकड्यांची ओळ सापडली.

"मी इथेच लहानाची मोठी झाले," ती जमिनीवर बसूनच म्हणाली, "आणि मला कधी दिसली नाही."

"दिसू नये म्हणून तर आधी दोरी लावून माप बघतो. दारातून अख्ख्या लाद्यांनी सुरुवात करायची, तुकडे कपाटामागे जातील असं जुळवायचं."

ती उठून टेबलाकडे गेली. मला वाटलं, दुखावली. पण तिने वही ओढली आणि म्हणाली, "थांबा, दोरी कशी लावता ते परत सांगा."

तीन आठवड्यांनी तिने नवा गेम दिला. आता खोलीला दार होतं, कपाट होतं. उंबऱ्याशी अख्खी लादी नसेल तर शाब्बास नाही. तिसऱ्या खोलीत मीच अडकलो. सांगितलं, "ही खोली काढू नकोस, पण त्याआधी एक छोटी, सोपी खोली दे. माणसाचा हात बसू दे." तिने तीही दिली.

गेल्या महिन्यात वसईला एका हॉलमध्ये स्वतः गेम बनवणाऱ्या मुलांनी आपापले गेम मांडले होते. मीही गेलो. मुलीच्या टेबलाशी एक कॉलेजची पोरगी खेळत होती. मध्येच थांबून म्हणाली, "ताई, यात हिरवी कुठली, राखाडी कुठली? मला दोन्ही सेमच दिसतायत."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मुलगी काय म्हणेल म्हणून मी कान टवकारले. ती खुर्ची ओढून त्या पोरीशेजारी बसली. "कुठल्या खोलीत? दाखव ना." आणि वही उघडून लिहायला लागली. आपली बाजू सांगितली नाही, कपाळाला आठी नाही.

माझ्या बाजूला एक गृहस्थ उभे होते. त्यांनी विचारलं, "तुमची कोण?"

"मुलगी," मी म्हणालो. "लादीचं काम करते."